टिळा कुणाचा

उंदीर पैसे देऊन विकत घ्यायचा असतो, हे राजश्री चौगुलेला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. खोकं घेऊन आलेल्या माणसाने सही घेतली, सांगलीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीपॉयवर पिंजरा ठेवला, "दुसऱ्या हॅमस्टरजवळ ठेवू नका, भांडतात," असं बजावलं आणि तो निघून गेला. पिंजऱ्यात भुश्याच्या ढिगावर सोनेरी रंगाचं, मुठीएवढं एक जनावर बसलं होतं. शेपूट म्हणावी तर नुसती खूण. डोळे काळे, टपोरे. समोरच्या वाटीतले शेंगदाणे त्याने एकामागून एक उचलून गालात कोंबले, दोन्ही गाल पार खांद्यापर्यंत फुगवले आणि ते राजश्रीकडे बघत बसलं.

"हा तर आमच्या गावचा पाटील," राजश्रीचा नवरा उत्तम म्हणाला. "गालात तोबरा, आणि काम काही नाही." झालं, नाव पाटीलच पडलं.

"काम नाही कसं? तुमच्या लेकीचं लग्न ठरवायचंय त्याला," राजश्री म्हणाली.

थट्टा होती, पण खोटं नव्हतं. पूर्वी लोक पत्रिका बघत, मग रक्तगट विचारायला लागले. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात हॅमस्टरचं कपाळ आलं होतं. मुलाकडच्यांनी एक हॅमस्टर ठेवायचा, मुलीकडच्यांनी एक. हॅमस्टर विकणाऱ्या कंपनीच्या पत्रकावर चाळीस दिवस असं छापलेलं असे. आपल्या लोकांनी त्याचा सव्वा महिना केला. सव्वा महिना झाला की त्याच्या कपाळाचा फोटो काढून एकमेकांना पाठवायचा. कपाळ सोनेरीचं सोनेरी असेल तर साखरपुड्याची तारीख धरायची. पांढरा ठिपका उमटला असेल तर त्याला म्हणायचे टिळा. "त्यांच्या मुलाला टिळा लागला हो," असं कुणी आवाज उतरवून सांगितलं, की ऐकणारा पुढे काही विचारत नसे. एवढा चांगला शब्द, पण चार वर्षांत नासवून टाकला लोकांनी.

हा टिळा काय भानगड आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कंपवात सगळ्यांना ठाऊक आहे: हात थरथरतात, पावलं अडखळतात, चेहरा गोठल्यासारखा होतो. पण हात थरथरायच्या दहा-बारा वर्षं आधीपासून त्या आजाराने मेंदूत ठाण मांडलेलं असतं. त्या काळात माणूस ठणठणीत असतो, स्कॅन स्वच्छ येतो. बदलतं फक्त कातडीवरचं तेल. कपाळावर, मानेवर, पाठीवर जे पाझरतं त्यातले काही रेणू बदलतात आणि त्याला एक अगदी हलका, कस्तुरीच्या जातीचा वास येतो. तोसुद्धा एक दिवस येतो, तीन दिवस गायब असतो. यंत्राला नमुना द्या, यंत्र त्या एका दिवसापुरतं सांगणार. त्या वासात महिनाभर लोळणारं, झोपणारं, त्याचंच घरटं करणारं काहीतरी हवं होतं.

हॅमस्टर त्यासाठी अगदी सोयीचा निघाला. हा मूळचा सीरियातला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या एका शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली होती. आज जगभर घराघरांत पाळलेले सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या एकाच विणीचे वंशज. त्यामुळे एकावर जमलेला प्रयोग सगळ्यांवर जमतो. हा डोळ्यांनी अधू, नाकाने तल्लख आणि स्वभावाने एकलकोंडा. एका पिंजऱ्यात एकच राहतो, म्हणून एका माणसाला एकच. शास्त्रज्ञांनी त्याच्या नाकात त्या विशिष्ट रेणूंना ओळखणारी जागा तयार केली आणि तिचा संबंध कपाळावरच्या केसांशी जोडून दिला. तो वास पुरेसे दिवस येत राहिला, की कपाळावर येणारे नवे केस रंगाशिवाय येतात. एवढंच. लोकांना दवाखान्यात जायची भीती वाटते, पण गुबगुबीत जनावर घरी आणायची वाटत नाही, हे कंपनीने बरोबर ओळखलं होतं.

पत्रकात एक अट ठळक छापली होती. ज्या व्यक्तीसाठी हॅमस्टर ठेवला आहे तिने सात दिवस अंगावर वापरलेल्या, न धुतलेल्या सुती कपड्याचे तुकडे दर आठवड्याला घरट्यात घालावेत. शर्वरी, त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात पुलांचे आराखडे करायची नोकरी करत होती. तिने पहिल्याच आठवड्यात बंद पिशवीतून एक कुर्ता पाठवला. निळा, ठशांच्या कामाचा, नवाकोरा म्हणावा असा.

राजश्रीने कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली. "अहो, हा फाडायचा?"

"असं लिहिलंय," उत्तम म्हणाला.

"एवढा चांगला धड कुर्ता उंदराच्या अंथरुणाला?"

"मग काय घालणार?"

घरात काय जुनेरांची कमी होती? शर्वरीचे कॉलेजातले कुर्ते तिने पुण्याला जाताना इथेच टाकले होते. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. जुनेर मऊ असतं, जिवाला टोचत नाही; तान्ह्या पोरांची दुपटीसुद्धा आपण त्याचीच करतो. आणि कुर्ते तर शर्वरीचेच. चार वर्षं तिच्याच अंगावर होते. न धुतलेला हवा, म्हणून राजश्रीने स्वयंपाकघराच्या दाराआडच्या खुंटीवरचा एक काढला, त्याच्या पट्ट्या केल्या आणि पाटलाच्या घरट्यात घातल्या. निळा कुर्ता धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला. पुढच्या आठवड्यात आलेला पिवळाही तसाच गेला, त्याच्या पुढचाही. लग्नानंतर पोरगी म्हणेल, आईने किती जपून ठेवलंय.

पाटील त्या चिंध्यांवर खूश होता. तोंडात धरधरून त्याने त्यांचं गोल घरटं केलं आणि आत शिरून दिवसभर झोपला.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी राजश्री त्याला सूर्यफुलाच्या बिया घालत होती. कपाळावर काहीतरी पांढरं दिसलं. तिला वाटलं कूट लागलं असेल. तिने ओल्या बोळ्याने पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं, जरा जोरात. पाटलाने तिच्या बोटाला दात लावला.

"अहो," ती म्हणाली, "जरा इकडे या."

उत्तमने चष्मा लावला, खाली वाकून बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिला. "अजून दहा दिवस आहेत. जाईल कदाचित."

ते जात नसतं हे दोघांनाही ठाऊक होतं. सत्ताविसाव्या वर्षी पोरीच्या अंगात म्हाताऱ्यांचा आजार शिरला, आणि तो पहिल्यांदा दिसला कुणाला, तर एका उंदराला.

शर्वरीने व्हिडिओवर फोटो बघितला आणि शांतपणे म्हणाली, "मला पाठव. मी निनादला दाखवते."

"लगेच कशाला सांगायचं?" राजश्री म्हणाली. "आपण दुसरा हॅमस्टर लावून बघू."

"आई, लपवून लग्न करू काय?"

निनाद शिंत्रे हा ठरत आलेला मुलगा. भला होता. मला फरक पडत नाही म्हणाला, आणि बहुतेक मनापासून म्हणाला. पण त्याच्या आईचा, सुमेधाताईंचा, संध्याकाळी फोन आला. "आमचं काही म्हणणं नाही हो राजश्रीताई. मुलगी गुणाची आहे. फक्त साखरपुडा जरा पुढे घेऊया." पुढे म्हणजे कधी, ते त्या बोलल्या नाहीत आणि राजश्रीने विचारलं नाही. दोन दिवसांनी शर्वरीनेच निनादला सांगितलं, की आधी मी बरी होते, मग बघू.

बरं व्हायचा मार्ग तिने आठ दिवसांत शोधूनही काढला. कामाची पोरगी, रडत बसणारी नव्हती. पुण्यातल्या एका रुग्णालयात पेशीरोपण करत होते. कवटीला बारीक छिद्र पाडून, मेंदूत ज्या पेशी मरायला लागतात तिथे नव्या सोडायच्या. हात थरथरायला लागल्यावर उपयोग होत नाही. टिळा दिसताच केलं तर आजार जागच्या जागी थांबतो. वीस जणांची तुकडी येत्या पंचवीस तारखेला. पुढची तुकडी वर्षानंतर.

"धोका?" उत्तमने विचारलं.

"आजार नसेल त्यालाच," शर्वरी म्हणाली. "निरोगी मेंदूत त्या पेशी गेल्या तर नको तितकं रसायन तयार होतं. मग हात, पाय, तोंड आपोआप हलत राहतं आणि पेशी परत काढता येत नाहीत. पण मला आहे ना आजार. मला धोका नाही."

राजश्री या सगळ्या बोलण्यात पडद्यावरच्या तिच्या हाताकडे बघत होती. शर्वरीने चहाचा कप धरला होता. कप हलतोय का? "हात पुढे कर बघू," ती म्हणाली.

"आई, प्लीज."

"एकदाच. सरळ धर."

शर्वरीने हात धरला. तो जराही हलत नव्हता, आणि त्याचा काही अर्थ नव्हता. दहा वर्षं तो हलणारच नव्हता. राजश्रीला जेवण जाईना. रोज सकाळी देवापुढे बसायची आणि काय मागायचं तेच सुचायचं नाही.

काम मात्र थांबत नसतं. एप्रिल म्हणजे मसाल्याचे दिवस. राजश्रीचा कांदा-लसूण मसाला पाव सांगलीत जायचा. गॅलरीतल्या मोठ्या गॅसवर ती खोबरं, धणे, तीळ भाजायची आणि मालन नावाची शेजारीण हाताखाली असायची. भाजणं सगळं नाकावर चालतं. खोबऱ्याचा रंग बदलायच्या आधी वास बदलतो आणि त्याच क्षणी कढई उतरवायची असते. राजश्रीचं नाक म्हणजे नाक. दोन घरं पलीकडच्या आमटीत हिंग कमी पडलाय, हे ती जिन्यात उभी राहून सांगायची.

त्या दिवशी ती उलथनं फिरवत होती, मनात पंचवीस तारीख. मालन मिरच्यांची देठं काढत आत बसली होती. ती धावत बाहेर आली.

"अहो वहिनी, जळालं की सगळं. वास येईना काय तुम्हाला?"

राजश्रीने खाली बघितलं. खोबरं काळं पडलं होतं. कढईतून धूर निघत होता, डोळ्यांना झोंबत होता. वास नव्हता. तिने नाक ओढलं. धूर घशात गेला, ठसका लागला, पण वास नव्हता. मालन मघापासून हळद, मिरची, खोबरं यांच्या वासात शिंकत होती आणि राजश्रीला ती गॅलरी कोऱ्या पाण्यासारखी लागत होती. कधीपासून? गेल्या चार महिन्यांत दोन वेळा मसाला जरा करपट लागला म्हणून गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं. तिने खोबऱ्याला दोष दिला होता.

कढई उतरवायला तिने फडकं ओढलं. ते फडकं म्हणजे खुंटीवरच्या त्या कुर्त्याचं उरलेलं निम्मं अंग होतं. पट्ट्या कापून झाल्यावर तिने ते इथे आणून टाकलं होतं. त्याच्या खांद्यावर मसाल्याचा लाल डाग होता, गळ्याला घामाची पिवळी कड. शर्वरीने जन्मात कधी मसाला भाजला नव्हता.

हा कुर्ता दोन वर्षं राजश्रीच घालत होती. भाजताना साडी खराब होऊ नये म्हणून, घरात वावरताना मऊ लागतो म्हणून. लेकीचे टाकलेले कपडे आई वापरते, यात सांगण्यासारखं काय आहे? घरोघर हेच चालतं. म्हणून तर तिच्या डोक्यातच आलं नाही. खुंटीवरचा प्रत्येक कुर्ता तिच्या लेखी शर्वरीचा होता. घाम मात्र तिचा होता.

पाटील शर्वरीच्या वासात कधी झोपलाच नव्हता.

राजश्रीला आधी आनंद झाला. इतका की तिला गॅलरीच्या कठड्याला धरावं लागलं. पोरीला काही नाही. पोरगी धड आहे. मालन विचारत होती, वहिनी बसता काय, पाणी आणू काय, आणि राजश्री हसत होती. मग हळूहळू दुसरी बाजू लक्षात आली आणि तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

तिने लगेच पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं: निळा कुर्ता, पिवळा कुर्ता, कपाट, खुंटी, खोबरं. एका दमात.

"आई," शर्वरी म्हणाली, "हे तू आज शोधून काढलंस?"

"शोधून काय काढायचंय? झालंय तेच सांगते."

"ऑपरेशनला सहा दिवस उरले असताना, साखरपुडा लांबल्यावर, तुला एकदम आठवलं की टिळा तुझा आहे."

"शरू, देवाशपथ."

"तू माझी दाढ दुखली तरी म्हणायचीस, मला दुखू दे. लहानपणी मला ताप आला की माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळायचीस आणि म्हणायचीस, माझ्यावर येऊ दे. मला माहीत नाही काय तू?" मग ती समजावत म्हणाली, "असं नको करू गं. माझं दुखणं असं अंगावर घेता येत नाही."

राजश्रीने कपाटातले चारही कुर्ते पडद्यासमोर धरून दाखवले. पण ते धुऊन, इस्त्री करून ठेवलेले होते. त्यांच्याकडे बघून काय कळणार? उत्तमचंही तेच. तो म्हणाला, "मला पटतंय." पण बायकोकडे बघताना त्याच्या डोळ्यांत कीव होती, आणि ते तिला बरोबर समजलं.

मग ती मिरजेला डॉक्टर शबाना मुजावर यांच्याकडे गेली. त्यांनी सरळ सांगितलं, की या टप्प्याला स्कॅनमध्ये काही दिसणार नाही. तुमच्यासाठी नवा हॅमस्टर लावू, पण चाळीस दिवस लागतील. हातात होते पाच. "नाकाची परीक्षा आज घेता येईल. या आजारात वास आधी जातो. तुम्ही सपशेल नापास झालात तर तसं पत्र मी पुण्याला पाठवते. ते थांबतील."

सोळा कागदी पट्ट्या. प्रत्येक पट्टीचा वास घ्यायचा आणि चार पर्यायांतला एक सांगायचा: लिंबू, लसूण, गुलाब की रॉकेल. राजश्रीला बहुतेक पट्ट्यांना कागदाचाही वास आला नाही. पण तीन-चार पट्ट्यांना काहीतरी लांबून चाटून गेल्यासारखं वाटलं. एकदा लवंग असावी असं वाटलं. आणि ती घाबरली. लवंग बरोबर आली तर? तीन-चार बरोबर आल्या तर हे म्हणतील, बाईचं नाक चांगलं आहे. तिने लवंग सोडून केळं सांगितलं. जिथे जिथे थोडी शंका आली तिथे मुद्दाम दुसरंच सांगितलं.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि पेन खाली ठेवलं. "शून्य."

"म्हणजे नापासच ना?"

"राजश्रीताई, ज्याला वास अजिबात येत नाही तो अंदाजाने ठोकतो. चारातला एक पर्याय, सोळा पट्ट्या. चारेक तरी आपोआप बरोबर येतात. सोळाच्या सोळा चुकवायचे असतील तर बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं." त्या मऊपणे बोलत होत्या, तेच जास्त लागलं. "शून्य आणायला वास यावा लागतो. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. पण मला हे पत्र देता येणार नाही."

राजश्रीने खरं काय झालं ते सांगितलं. लवंग, केळं, बाकीच्या नुसत्या अंदाजाने सांगितलेल्या आणि नेमक्या चुकलेल्या, सगळं. डॉक्टर मान हलवत राहिल्या. पुन्हा परीक्षा घ्या म्हणाली, तर त्या म्हणाल्या, आता तुम्हाला युक्ती कळली आहे, दुसऱ्या परीक्षेला अर्थ नाही. कागदावर त्यांनी 'परीक्षा ग्राह्य नाही' असं लिहिलं आणि तो कागद शर्वरीच्या रुग्णालयाच्या फाइलला आपोआप जोडला गेला. खरं बोलणारी एक बाई आणि तिच्या हातात खोटेपणाचा पुरावा, तोही स्वतःच तयार केलेला. परतीच्या बसमध्ये तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिच्याकडे आता एकच गोष्ट राहिली होती: सही. रोपणाच्या कागदावर दोन जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागत. उत्तम पुण्याला गेला, त्याने सही केली आणि तो तिथेच राहिला. "तिला धीर हवाय, भांडण नको," तो फोनवर म्हणाला. राजश्री म्हणाली, मी करणार नाही. शर्वरी चिडली, रडली, बोलायची बंद झाली. राजश्री सांगलीत बसून राहिली. मालन जत्रेसाठी माहेरी गेली होती, मसाल्याचं काम बंद पडलं होतं. घरात ती आणि पाटील.

तिला आता तो जवळचा वाटायला लागला होता. साऱ्या जगात हे सत्य माहीत असलेला दुसरा जीव तोच. उन्हाचा कहर चालला होता, भिंती तापलेल्या. ती पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकायची, वाटी भरायची, त्याच्याशी बोलायची. "तुला बोलता आलं असतं तर, पाटील?" तो दिवसा घरट्यातच असायचा. बावीस तारखेपासून वाटीतल्या बिया तशाच दिसत होत्या. पण याची जात साठा करून ठेवते, आतलंच खात असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. चिंध्यांच्या फटीतून सोनेरी पाठ दिसत होती. झोपू दे बिचाऱ्याला.

चोवीस तारखेला सकाळी दहाला कुलपात किल्ली फिरली. शर्वरी होती. पहाटेच्या गाडीने पुण्याहून निघाली होती; हातात ती फाइल, चेहरा ओढलेला. तोंडात तयार ठेवलेलं पहिलं वाक्य घेऊनच ती आली असणार. "आई, सही" एवढं बोलून ती दारातच थांबली. तिने ओढणी नाकाला लावली.

"काय मेलंय घरात?"

"कुठे काय?" राजश्री म्हणाली. ती पिंजऱ्याला लागूनच, खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. शेजारी चहाचा कप होता. "आल्या आल्या असं बोलतात काय? हातपाय धू. चहा टाकते."

शर्वरी ओढणी दाबून धरत आत आली, बाथरूमच्या दाराशी गेली, परत वळली, कोचाच्या मागे वाकली आणि मग पिंजऱ्याशी आली. ओकारी आल्यासारखी तिची मान पुढे गेली. तिने पेनाने वरच्या चिंध्या बाजूला केल्या. खाली मुंग्यांची रांग होती. पाटलाचं अंग चपटं पडलं होतं, पोटाकडून ओलसर.

"झोपलाय तो," राजश्री म्हणाली. "दिवसा झोपतोच."

"आई, दोन-तीन दिवस झालेत याला."

"छे. मी इथेच तर बसते."

शर्वरी तिच्याकडे बघायला लागली. मेथीच्या जुडीकडे, चहाच्या कपाकडे, पिंजऱ्याला टेकलेल्या खुर्चीकडे. हे कुणाला दाखवायला मांडलेलं नव्हतं. ती येणार हेच राजश्रीला माहीत नव्हतं. शर्वरीचा चेहरा बदलत गेला. ओढणी नाकावरून खाली आली.

"तुला वास येत नाही," ती म्हणाली.

राजश्रीने पिंजरा उचलला, तोंडाजवळ नेला आणि छाती भरून श्वास घेतला. भुश्याची धूळ नाकात गेली. बाकी काही नाही. तिने पुन्हा घेतला. इतके दिवस ती जिवाच्या आकांताने सांगत होती, टिळा माझा आहे, माझा आहे. पण आत कुठेतरी, आपणच चुकत असू, एवढी आशा तिने धरलेली होती. ती आता गेली. पहिल्यांदा तिला स्वतःची भीती वाटली. हात थरथरणार, पावलं अडणार, उत्तम शर्टाची बटणं लावून देणार, हे सगळं एकदम समोर आलं. तिने पिंजरा हळूच खाली ठेवला.

"माझं ऐकायला हवं होतं गं मी," शर्वरी म्हणाली. "तुझं. तुझं ऐकायला हवं होतं." तिने आईच्या गळ्यात हात टाकले. राजश्रीने तिला दोन क्षण धरलं आणि बाजूला केलं.

"ते नंतर. आधी फोन कर."

"आई..."

"उद्याची तारीख आहे शरू. आधी फोन कर त्यांना."

शर्वरीने रुग्णालयाला फोन लावला. नाव सांगितलं, तुकडी सांगितली, उद्याचं रोपण रद्द करायचं आहे म्हणून सांगितलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, "कारण काय लिहू, मॅडम?"

शर्वरीने आईकडे बघितलं. राजश्रीने मानेने खूण केली, सांग.

"टिळा माझा नाही," शर्वरी म्हणाली. "माझ्या आईचा आहे."

"ऐकू गेलं का त्यांना?" राजश्री म्हणाली. "परत सांग. मोठ्याने सांग."

शर्वरीने परत सांगितलं.